तांबडी कालवड आणि वाढीचं संप्रेरक

आजचा भाग मेडशीतल्या आमच्या कोठ्यातून सुरू करतो.

नव्वदच्या दशकात घरी एक तांबडी कालवड होती. तीन वर्षं उलटली तरी माजावर येईना. आजोबा म्हणाले, "वांझ निंगाली, टाका इकून." विकली. ती खरंच वांझ होती का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

१९४४ साली कॅलिफोर्नियात ली आणि इव्हान्स यांनी गुरांच्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं काढलं. पुढे एक गंमत कळली. उपाशी जनावराच्या रक्तात हे संप्रेरक घटत नाही, उलट वाढतं! पण त्याच्या सांगण्यावरून यकृतानं आयजीएफ-१ बनवायचं असतं, आणि पोटात पुरेसा चारा नसला की ते पुरेसं बनत नाही. मग बीजांडकोशाला जोर मिळत नाही. म्हणून कालवड नुसत्या वयावर माजावर येत नाही. मोठ्या गायीच्या वजनाच्या साधारण ५५ ते ६५ टक्के भरली की येते.

आता आपल्याकडे बघा. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. सोयाबीन आलं, ज्वारी घटली, गव्हाणीत कुटार उरलं. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ सुरू केली, पुढे संकरित गाई गावोगाव आल्या. जात बदलली, पण ढेप आधी दुभत्या गायीलाच. कालवडीला उरलंसुरलं.

आमच्या तांबडीच्या बरगड्या मोजता यायच्या, एवढं मला पक्कं आठवतं.

तेव्हा कालवड विकण्याआधी एकदा तिची गव्हाण बघा. भेटू पुढच्या भागात.