चौकशीचा धंदा

अनोळखी माणसाची माहिती गोळा करून ती वर्गणीदारांना विकण्याचा पद्धतशीर धंदा अमेरिकेत 1841 साली न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. लुईस टॅपन हा त्याचा प्रवर्तक. त्याच्या भावाची रेशमाची पेढी 1837 च्या मंदीत अडचणीत आली होती, कारण दूरदूरच्या दुकानदारांना दिलेली उधारी वसूल झाली नाही. गावातल्या गावात कोण बुडवा आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्याला मात्र ओहायोतल्या दुकानदाराची पत कळायला मार्ग नव्हता. टॅपनने 'मर्कंटाइल एजन्सी' काढून गावोगावच्या वकिलांना बातमीदार केले. मोबदला म्हणून त्यांना वसुलीची कामे मिळत. इलिनॉयमध्ये वकिली करणारा अब्राहम लिंकनही या बातमीदारांपैकी एक मानला जातो.

बातम्या जाडजूड खातेवह्यांत उतरवल्या जात. माणसाची मालमत्ता किती, कर्ज किती, तो पितो का, संसार कसा चालतो, असे सगळे त्यांत येई. वर्गणीदाराने कचेरीत यायचे आणि कारकुनाने वाचून दाखवलेले ऐकायचे. ज्याच्याविषयी हे लिहिले जाई त्याला मात्र त्याचा पत्ताही नसे. टॅपन गुलामगिरीचा कडवा विरोधक होता आणि धर्मनिष्ठही; लोकांवर अशी पाळत ठेवण्यात त्याला गैर वाटले नाही, उलट त्याने व्यापारात सचोटी येईल अशी त्याची धारणा होती. अडीच हजारांहून अधिक खातेवह्या आज हार्वर्ड विद्यापीठात आहेत आणि इतिहासकारांना त्या सोन्याहून मोलाच्या वाटतात.

व्यापाऱ्यांपुरती असलेली ही चौकशी सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणणाऱ्यांत वुलफर्ड बंधू होते. 1899 मध्ये अटलांटात त्यांनी 'रिटेल क्रेडिट कंपनी' स्थापन केली. किराणा दुकानदारांसाठी त्यांनी छापलेल्या पुस्तिकेत कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण रखडवतो याची नोंद असे. पुढे विमा कंपन्या आणि नोकरी देणारे मालकही गिऱ्हाईक झाले. कंपनीचे चौकशी करणारे शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटून दारू, चालचलन, घरातली भांडणे यांविषयी विचारू लागले. शेजाऱ्याच्या मनातली अढी अशा रीतीने अहवालात वस्तुस्थिती म्हणून उतरे आणि विमा नाकारला गेला तरी कारण कळत नसे.

या कागदपत्रांचे संगणकीकरण होणार म्हटल्यावर 1960 च्या दशकात अमेरिकी संसदेत ओरड सुरू झाली. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या पुढाकाराने 1970 मध्ये 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग' कायदा झाला. नोकरी, कर्ज, विमा, भाड्याचे घर यांसाठी अहवाल वापरून नकार दिला तर तसे कळवणे बंधनकारक झाले आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येऊ लागली. त्यानंतर काही वर्षांनी 'रिटेल क्रेडिट'ने नाव बदलून 'इक्विफॅक्स' केले.

कायद्याची एक फट मात्र तेव्हाच राहिली. तो माहितीला नव्हे, तिच्या वापराला लागू होता. न्यायालयाचे दप्तर, जमिनीची नोंद, विवाहाचा दाखला हे अमेरिकेत बहुतांशी पूर्वीपासून कोणालाही पाहता येत. फक्त त्यासाठी त्या त्या काउंटीच्या कचेरीत जावे लागे. या दगदगीतच माणसाचे संरक्षण होते. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले: एफबीआयने संकलित केलेल्या गुन्हेनोंदींच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की विखुरलेल्या सार्वजनिक नोंदी आणि त्यांचे एकत्रित संकलन यांत फरक आहे. पण हा निर्णय सरकारकडच्या माहितीपुरता होता. खासगी कंपन्यांनी तेच संकलन बाजारात मांडले. फ्लोरिडातल्या हँक ॲशरने 1992 मध्ये 'डेटाबेस टेक्नॉलॉजीज' काढून पोलीस आणि विमा कंपन्यांना एका शोधात माणसाचे जुने-नवे पत्ते मिळतील अशी सोय केली. मतदारयादीतून गुन्हेगारांची नावे वगळण्यासाठी याच कंपनीने फ्लोरिडा राज्याला पुरवलेल्या यादीमुळे 2000 च्या निवडणुकीपूर्वी नावांच्या साधर्म्यावरून अनेक पात्र मतदार गुन्हेगार ठरले.

1999 मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एका तरुणाने फ्लोरिडातल्या एका माहितीविक्रेत्याकडून एका तरुणीच्या कामाचा पत्ता विकत घेतला आणि तिथे जाऊन तिचा खून केला. 2003 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की माहिती विकणाऱ्यावर वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी आहे. तोवर धंदा घराघरांत पोहोचू लागला होता. 'इंटेलियस' आणि 2006 मध्ये आलेले 'स्पोकिओ' यांनी थोड्या डॉलरांत कोणालाही कोणाचाही शोध खुला केला. अहवाल नोकरीसाठी वापरू नये अशी सूचना संकेतस्थळावर टाकायची आणि जाहिरात मात्र नोकरभरती करणाऱ्यांसाठी करायची, असा स्पोकिओवर आरोप होता. 2012 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेशी तडजोड करताना कंपनीला 8 लाख डॉलर मोजावे लागले. नुसत्या कुतूहलापोटी केलेला शोध मात्र आजही 1970 च्या कायद्याबाहेर आहे.

कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये 'डिलीट ॲक्ट' संमत केला. त्यानुसार रहिवाशाने एकच अर्ज करायचा आणि नोंदणीकृत सर्व माहितीदलालांनी त्याची माहिती पुसायची. न्यायालये आणि सरकारी कचेऱ्यांतून मिळणाऱ्या सार्वजनिक नोंदींना हे बंधन लागू नाही.