चाळीस वर्षांचा लॉग

मंडळी, आमच्या जिंतूरकडं पाणी म्हणजे येलदरीचं धरण, समुद्र लांबच. पण नेव्हीत जायला समुद्राकाठी जन्मावं लागत नाही, म्हणून हा विकांताचा विषय.

वाफेवरच्या जुन्या युद्धनौकांत पाईप आणि बॉयलरना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेला असे. आपली पहिली 'विक्रांत' त्याच काळातली: १९४३ला ब्रिटनमध्ये बांधायला घेतली, १९६१ला आपल्या नौदलात आली, १९९७ला निवृत्त झाली. गोची अशी, की धूळ आज छातीत जाते आणि मेसोथेलिओमा हा कॅन्सर २० ते ५० वर्षांनी उगवतो.

ब्रिटनमध्ये १९४७च्या कायद्यामुळं सैनिकाला ड्यूटीवरच्या इजेसाठी सरकारवर दावाच लावता येत नसे. ही आडकाठी १९८७ला गेली, पण जुन्या लोकांना तिचा उपयोग नव्हता. शेवटी २०१६पासून मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना एकरकमी १,४०,००० पौंडांचा पर्याय मिळाला.

आपल्याकडं? धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सुप्रीम कोर्ट म्हणालं, भरतीवेळी नोंद नसलेला आजार नोकरीत उद्भवला, तर तो नोकरीमुळं नाही हे सरकारनं सिद्ध करावं. झकास! पण निवृत्तीनंतर वीस वर्षांनी आजार आला तर? तिथं जुनी नोंदच कामाला येणार.

अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना तर कोर्टानं १९९५लाच बजावलं होतं: कामगाराची आरोग्यनोंद किमान ४० वर्षं जपा. आम्ही सॉफ्टवेअरवाले महिन्याभरात लॉग उडवतो...

असो. घरात कुणी जुन्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतं का? जहाजाचं नाव, वर्षं, काम आत्ताच विचारून लिहून घ्या, आणि तो कागद डिस्चार्ज बुकाबरोबर ठेवा.