शिवाल्याचा चौक आणि सुकृतची खिंड

पायदळ हे सैन्याचे सर्वांत जुने अंग, आणि बहुधा सर्वांत कमी मान मिळालेलेही. बुद्धिबळाच्या पटावर प्यादे पुढच्या रांगेत उभे असते ते मरण्यासाठीच, अशी नवशिक्या खेळाडूची समजूत असते. अलीकडे संगणकाच्या पडद्यावर जे युद्धाचे खेळ खेळले जातात, त्यांतही हीच समजूत आढळते. या खेळांत पाळीपाळीने चाल करण्याची सवड नसते. दोन्ही पक्षांची सैन्ये एकाच वेळी हलत असतात. पायदळाची तुकडी थोड्या द्रव्यात उभी राहते, म्हणून उतावीळ खेळाडू ती शत्रूच्या अंगावर लोटून मोकळा होतो, आणि ती का मेली हे त्याला उमजेपर्यंत डाव हातचा गेलेला असतो. अर्थात पडद्यावरची चूक दुसऱ्या डावात सुधारता येते. १७८१ च्या ऑगस्ट महिन्यात काशी क्षेत्रात हीच चूक जिवंत माणसांच्या बाबतीत घडली, आणि तीही चार दिवसांत दोनदा.

त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीला पैशाची निकड होती. पुण्याच्या कारभाऱ्यांशी आणि महादजी शिंद्यांशी तिचे युद्ध चालू होते, दक्षिणेत हैदर अलीने कर्नाटक व्यापले होते आणि फ्रेंचांशीही वैर होते. काशीचे राज्य १७७५ साली अयोध्येच्या नबाबाकडून कंपनीच्या वर्चस्वाखाली आले होते. राजा चेतसिंह दरसाल सुमारे साडेबावीस लाख रुपये खंडणी भरीत असे. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने १७७८ पासून तिच्यावर आणखी पाच लाखांचा युद्धखर्च लादला. पुढे दोन हजार स्वारांची मागणी केली आणि ती घटवीत एक हजारावर आणली. राजाने पाचशे स्वार व पाचशे पायदळ देऊ केले, तेव्हा तो अपराध ठरवून पन्नास लाखांचा दंड वसूल करण्याचा बेत केला. या बेतासाठी हेस्टिंग्ज स्वतः कलकत्त्याहून निघाला. राजाने बक्सरपर्यंत सामोरे जाऊन आपली पगडी त्याच्या मांडीवर ठेवली. तिचा उपयोग झाला नाही. ऑगस्टच्या मध्यास हेस्टिंग्ज काशीत येऊन माधोदासाच्या बागेत उतरला. त्याच्याबरोबर सैन्य अगदी बेताचे होते. कंपनीचा दरारा हेच आपले खरे सैन्य, असा त्याचा हिशेब असावा.

१६ ऑगस्टच्या सकाळी रेसिडेंट मार्कहॅम राजाला अटकेत ठेवण्यासाठी शिवाला घाटावरच्या वाड्यात गेला. राजाने विरोध केला नाही. त्याच्यावर पहारा करण्यासाठी मेजर पॉपहॅमच्या शिपायांच्या दोन तुकड्या वाड्याच्या चौकात उभ्या करण्यात आल्या. त्यांच्यावर स्टॉकर, स्कॉट व सायम्स हे तीन लेफ्टनंट होते. शिपाई निवडक होते, कवायतीत तरबेज होते, त्यांच्या हाती बंदुका आणि बंदुकांना संगिनी होत्या. फक्त त्यांच्याजवळ काडतुसे नव्हती. ती देण्याचे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

या विस्मरणाचा अर्थ समजण्यासाठी त्या काळच्या पायदळाची रीत ध्यानात घ्यावी लागते. चकमकीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून ठासावी लागे. तयार शिपाई मिनिटाला दोन किंवा फार तर तीन बार काढी. नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसे. त्यामुळे एकट्या शिपायाच्या बंदुकीला फारसे मोल नव्हते. मोल होते ते रांगेला. खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली रांग एकदम बार काढी, आणि ती पुन्हा ठाशीत असता दुसरी रांग तयार असे. या रीतीला तीन गोष्टी अवश्य लागत: पुरेसा दारूगोळा, समोर मोकळे मैदान आणि पाठ व बगला राखणारा आधार. घोडदळाचे थवेच्या थवे अशा रांगेपुढे फुटले आहेत. परंतु चारी बाजूंनी भिंती असलेल्या चौकात, गर्दीत मिसळलेल्या आणि काडतुसांवाचून उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात जी वस्तू उरते, तिला बंदूक म्हणण्यापेक्षा जड भाला म्हणणे बरे. तलवारीच्या हातघाईत तो भाला आखूड पडतो आणि तलवार हलकी पडते.

राजाच्या अटकेची वार्ता पसरताच रामनगरहून हत्यारबंद लोक नावांतून गंगा उतरून शिवाल्याकडे येऊ लागले. पाहता पाहता वाड्याच्या वाटा, देवड्या आणि आसपासची घरे माणसांनी भरून गेली. आता पॉपहॅमला काडतुसांची आठवण झाली आणि त्याने दारूगोळा देऊन आणखी एक तुकडी धाडली. पण ती पोचली तेव्हा वाड्याचे सर्व मार्ग अडलेले होते. पायदळाला जे आरंभी द्यावयाचे ते मागाहून पाठविले, तर ते वाटेतच अडते. आत हेस्टिंग्जचा एक चोपदार राजाशी उर्मटपणे बोलला, आणि त्या शब्दांवरून ठिणगी पडली. बाहेरची गर्दी चौकात घुसली. तिन्ही इंग्रज अधिकारी मारले गेले आणि त्या दोन तुकड्यांतले बहुतेक शिपाई ठार अथवा जखमी झाले. त्या गोंधळात पगड्या एकमेकींस बांधून त्यांच्या आधाराने चेतसिंह वाड्याच्या नदीकडील खिडकीतून खाली उतरला आणि नावेत बसून पैलतीरी गेला.

अधिकाऱ्यांची नावे इतिहासात नोंदली गेली आहेत. शिपायांची नावे त्या वृत्तांतांत येत नाहीत. ते बहुधा अयोध्या, काशी आणि बिहार याच मुलखातले शेतकऱ्यांचे पोर होते. ज्यांनी त्यांना मारले त्यांचीच बोली बोलणारे.

यात राजाच्या पक्षाचे कौशल्य होते असे मात्र म्हणता येत नाही. त्याची माणसे शूर होती, जागा त्यांच्या ओळखीची होती आणि प्रतिपक्षाने त्यांच्यासाठी सर्व चुका आधीच करून ठेवल्या होत्या. पुढे काय करावयाचे हे त्या जमावालाही ठाऊक नव्हते. राजा सुटताच सारी गर्दी त्याच्या मागोमाग नदी उतरून गेली. माधोदासाची बाग जवळच होती आणि तेथे हेस्टिंग्जपाशी मूठभरच पहारा होता. ती गर्दी नदीकडे न वळता बागेकडे वळली असती तर आपला व आपल्या सोबतच्या सुमारे तीस इंग्रजांचा अंत झाला असता, असे हेस्टिंग्जने स्वतःच आपल्या निवेदनात कबूल केले आहे. जिंकलेल्या पायदळालाही पुढचे लक्ष्य सांगावे लागते. ते सांगणारा तेथे कोणी नव्हता.

दुसरी चूक २० ऑगस्टची. मिर्झापुराकडून आलेली कुमक हाताशी घेऊन रामनगरचा किल्ला घ्यावा असे ठरले होते. पॉपहॅमचा बेत सावधपणाचा होता: मोकळ्या जागेवर उखळी तोफा रचाव्यात, किल्ल्यावर गोळे टाकावेत आणि तट खिळखिळा झाल्यावर पायदळ पुढे घालावे. परंतु कॅप्टन मायाफ्र नावाच्या अधिकाऱ्याला विजयाची घाई झाली होती. तोफांची वाट न पाहता त्याने आपले लोक रामनगरच्या अरुंद गल्ल्यांत घातले. ज्या गल्लीत चार माणसे जेमतेम एका ओळीत उभी राहतात, तेथे शंभरांच्या तुकडीतही बार काढणारे चारच. उरलेले मागे खोळंबून राहतात आणि दोन्ही अंगांच्या घरांतून, गच्च्यांवरून येणाऱ्या गोळ्या झेलतात. मायाफ्र पडला, दुसरा एक कॅप्टन पडला, आणि शंभराहून अधिक माणसे गमावून ते सैन्य चुनारच्या वाटेला लागले. शिवाल्यात पायदळाला काडतुसे नव्हती, रामनगरात काडतुसे होती पण ती उडविण्यास जागा नव्हती. निकाल एकच लागला.

या पराभवाने सारा मुलूख उठला. २१ ऑगस्टच्या रात्री हेस्टिंग्ज काशी सोडून चुनारगडाच्या आश्रयास गेला. त्या घाईगर्दीच्या पलायनावर काशीकरांनी जे विनोदी पद रचले, ते पिढ्यान्पिढ्या लोकांच्या तोंडी राहिले आहे. चुनारगडावर त्याच्यापाशी पैसा नव्हता, शिपायांचे पगार थकले होते, आणि बाहेर पत्र पाठविणेही अवघड झाले होते. तेव्हा एक युक्ती करण्यात आली. प्रवासाला निघताना चोरांच्या भयाने लोक कानांतले दागिने काढून ठेवीत आणि भोक बुजू नये म्हणून त्यात पिसाची नळी किंवा कागदाची सुरळी घालीत. त्या सुरळ्यांतून हेस्टिंग्जची पत्रे बाहेर गेली. अशा पत्रांपैकी एक मराठ्यांशी तहाची बोलणी करण्यास नेमलेल्या वकिलासाठी होते. आपण सुखरूप आहोत, बोलणी चालू ठेवावी, हे त्यास कळणे अगत्याचे होते. कारण काशीचा पराभव शिंद्यांच्या छावणीत पोचला असता तर तहाची किंमत वाढली असती.

सप्टेंबरात ठिकठिकाणांहून पलटणी चुनारास जमल्या. आता सेनापतित्व पॉपहॅमकडे होते, आणि या माणसाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. अवघ्या वर्षापूर्वी, १७८० च्या ऑगस्टात, त्याने महादजी शिंद्यांच्या ताब्यातला ग्वाल्हेरचा किल्ला एका रात्रीत घेतला होता. तोफांनी तो दुर्ग पडता ना. पॉपहॅमने वाटेची माहिती असणारे स्थानिक लोक हाताशी धरले, शिड्या तयार करविल्या आणि आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेले जोडे घातले. पायदळाचे सामर्थ्य कड्यावर चढण्यात, अंधारात चालण्यात आणि जेथे घोडा व तोफ पोचत नाही तेथे पोचण्यात आहे, हे ओळखणारा तो अधिकारी होता. शिवाल्यात मात्र त्याच्याच शिपायांना काडतुसांवाचून उभे केले गेले, ही या कथेतली खेदाची गोष्ट.

चेतसिंहाचे सैन्य चुनारच्या दक्षिणेस पतीता आणि लतीफपूर या दोन ठाण्यांवर होते. पाठीशी विंध्याचे डोंगर आणि त्या डोंगरांतून जाणारी सुकृतची खिंड. पतीतापाशी पूर्वी एक चकमक झाली होती; कंपनीची सरशी झाली, पण माणसे इतकी पडली की असले विजय परवडणारे नव्हते. समोरून धडक देत राहिले तर राजा मागच्या मागे खिंडीतून सरकेल आणि दुसरे ठाणे धरील, हेही उघड होते. या वेळी चुनारच्या बंदू खान नावाच्या एका रहिवाशाने सल्ला दिला: सैन्याचे दोन भाग करावे, एकाने पतीतापुढे राहावे आणि दुसऱ्याने आडवाटेने डोंगर चढून खिंडीच्या पाठीशी उतरावे. परक्या सेनापतीने गावच्या माणसाचे ऐकले, हे त्याच्या शहाणपणाचे लक्षण. बंदू खानाने ते का सांगितले, हा प्रश्न काशीच्या इतिहासकाराला सुख देणारा नाही.

१५ सप्टेंबरच्या रात्री मेजर क्रॅब आपले पायदळ घेऊन निघाला. वाट रानातली आणि घाटाची. पाच दिवस ते लोक चालत होते, आणि इकडे पॉपहॅम पतीतापुढे तोफा डागीत बसला होता. तट अपेक्षेहून भक्कम निघाला; पण तोफांच्या या खटाटोपाने राजाच्या लोकांचे डोळे समोरच खिळून राहिले. २० तारखेस क्रॅब खिंडीजवळच्या लोरा गावी पोचला. तेथे मोर्चे बांधून तोफांसह बसलेल्या तुकडीला त्याने उधळून लावले आणि तिचा पाठलाग करीत सुकृतची खिंड गाठली. त्याच सकाळी पॉपहॅमच्या शिपायांनी हल्ला करून पतीता घेतले. दोन्ही ठिकाणची बातमी लतीफपुरास पोचताच चेतसिंहाने मुक्काम हलविला आणि तो विजयगडाकडे निघून गेला. त्याचे हजारो लोक न लढताच पांगले.

शिवाल्याचा संहार आणि सुकृतचा विजय यांत पस्तीस दिवसांचे अंतर आहे. शिपाई त्याच जातीचे, बंदूक तीच, शौर्यही तेच. बदल झाला तो माणसे उभी करण्याच्या जागेत, आणि उभी करण्यापूर्वी केलेल्या विचारात. या वेळी पायदळाला काडतुसे होती, वाटाड्या होता, तोफांची साथ होती, आणि त्याची चाल शत्रूच्या नजरेआड होती. कंपनीच्या न्यायबुद्धीचा मात्र या विजयाशी काही संबंध नाही. काशीच्या राजाशी केलेले वर्तन हे पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटात हेस्टिंग्जवर ठेवलेल्या आरोपांत अग्रभागी होते. तो १७९५ साली निर्दोष सुटला. पण सुटणे वेगळे आणि निर्दोष असणे वेगळे.

नोव्हेंबरात विजयगडही पडला. किल्ल्यात सुमारे तेवीस लाखांचा खजिना सापडला आणि पॉपहॅमच्या सैन्याने तो तेथल्या तेथे वाटून घेतला. हेस्टिंग्जने परत मागून पाहिला, कोणी दिला नाही. ज्या पैशासाठी तो काशीस आला होता, तो त्याच्या पायदळाने नेला. अर्थात सेनापतीचा वाटा लाखांत मोजला गेला आणि शिपायाच्या हाती फार थोडे पडले.

चेतसिंह महादजी शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरीस राहिला. महादजींना कवायती पायदळाचे मोल पानिपतापासून माहीत होते. १७८४ साली त्यांनी डी बॉयन या सरदारास चाकरीस ठेवून नव्या धर्तीच्या पलटणी उभ्या करविल्या, आणि १७९० साली पाटण व मेडता येथे त्या पलटणींनी राजपूत घोडदळाचे हल्ले परतविले. पुढे महादजी गेले, डी बॉयनही युरोपास परतला. १८०३ च्या नोव्हेंबरात लासवारीच्या मैदानावर, बहुतेक युरोपी अधिकारी आधीच सोडून गेलेले असता, शिंद्यांचे हे पायदळ आपल्या तोफांपाशी उभे राहून जवळजवळ अखेरच्या माणसापर्यंत लढले. चेतसिंह तेव्हाही हयात होता. १८१० साली ग्वाल्हेरीस त्याचे निधन झाले. काशी त्याने पुन्हा पाहिली नाही.