जोन्स, ॲब्सलम
(६ नोव्हेंबर १७४६–१३ फेब्रुवारी १८१८). अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू. जन्म डेलावेअरमध्ये, गुलामगिरीत. फिलाडेल्फियात मालकाच्या दुकानात काम करत असताना पैसा जमवून त्यांनी आधी पत्नीला मुक्त केले. त्यांची स्वतःची सुटका १७८४ मध्ये झाली. कृष्णवर्णीय धर्मोपदेशक रिचर्ड ॲलन यांच्यासह त्यांनी १७८७ मध्ये ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ ही परस्परसाहाय्य संस्था स्थापली. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत दोघांनी रुग्णसेवा व मृतांचे दफन यांसाठी कृष्णवर्णीयांना संघटित केले. जोन्स यांच्या नेतृत्वाखाली सेंट टॉमस चर्च १७९४ मध्ये उभे राहिले.

फ्रीमेसन बंधुसंघाशी जोन्स यांचा संबंध केवळ नावापुरता नव्हता. गोऱ्यांच्या लॉजचे (संघाच्या स्थानिक शाखांचे) दरवाजे बंद असल्याने फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मेसन बोस्टनचे कृष्णवर्णीय मेसन नेते प्रिन्स हॉल यांच्याकडे वळले. त्यांच्या अनुमतीने १७९७ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकन लॉजचे जोन्स पहिले प्रमुख झाले, तर ॲलन खजिनदार. १८१५ मध्ये पेनसिल्व्हेनियात कृष्णवर्णीयांचे ग्रँड लॉज (लॉजची मध्यवर्ती संस्था) स्थापन झाले, तेव्हा ग्रँड मास्टरपदही जोन्स यांच्याकडेच आले. चर्च, साहाय्य संस्था आणि लॉज यांची धुरा बव्हंशी त्याच माणसांनी वाहिली, हे येथे विशेष लक्षणीय. गुलामगिरीविरोधी अर्जांतही जोन्स अग्रभागी होते.