आरोपीची धिंड: पोलिसांना तसा अधिकार आहे का?

दोरीने बांधलेले चार-पाच तरुण, खाली घातलेल्या माना, बाजूला काठीवाले पोलीस आणि मागे एखाद्या चित्रपटातलं गाणं. अशी रील अधूनमधून कुठल्या ना कुठल्या शहरातून येते आणि खाली 'पोलिसांना सलाम' अशा कमेंटचा पाऊस पडतो. पण धिंड ही आपल्या कायद्यात कुठल्याच गुन्ह्याची शिक्षा नाही. आणि असती तरी ती द्यायची कोर्टाने, ठाणेदाराने नव्हे.

या विषयावरचा महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातला आहे. 1989 मध्ये सोलापुरात खुनाच्या प्रकरणातल्या एका आरोपीला बेड्या घालून भर रस्त्यातून नेण्यात आलं. खटला अजून उभाही राहिला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने हा घटनेच्या कलम 21 चा भंग ठरवला आणि 10 हजार रुपये भरपाई द्यायला सांगितली, तीही संबंधित पोलीस निरीक्षकाने स्वतः. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध रविकांत पाटील' या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1991 च्या निकालात भरपाई कायम राहिली, पण ती सरकारने द्यावी असं ठरलं. अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकात शेरा मारण्याआधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं, असंही कोर्टाने सांगितलं. म्हणजे ज्याने आरोपीचं ऐकून न घेता त्याला रस्त्यावर फिरवलं, त्यालाही ऐकून घेण्याचा हक्क मिळालाच. कायदा असाच चालतो.

मग बेड्या कधी घालता येतात? सरसकट बेड्या घालणं बेकायदेशीर असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात सांगितलं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43(3) ने मात्र पोलिसांना मोकळीक वाढवून दिली आहे. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांतला आरोपी असेल तर अटक करताना किंवा कोर्टात नेताना बेड्या घालता येतात. पण कलम 46 तिथेच आहे: पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त बंधन नको. बाजारपेठेतून फिरवणं यात कुठेच बसत नाही.

पोलिसांचं ठरलेलं उत्तर असतं, 'घटनास्थळाच्या पंचनाम्यासाठी नेलं होतं.' पंचनाम्यासाठी किंवा लपवलेली वस्तू काढून देण्यासाठी आरोपीला नेणं पूर्ण कायदेशीर आहे. त्यासाठी चौकात माफी मागायला लावावी लागत नाही, एवढंच.

यात फिर्यादीचंही नुकसान आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अनोळखी आरोपी असेल तर साक्षीदाराकडून ओळखपरेड करून घेतात. ज्याचा चेहरा आधीच हजारो मोबाईलवर फिरला, त्याला ओळखण्याला किंमत किती? बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो.

गुजरातमध्ये ऑक्टोबर 2022 मध्ये खेडा जिल्ह्यातल्या उंधेला गावात पोलिसांनी काही जणांना लोकांसमोर काठीने मारलं. व्हिडिओ व्हायरल झाला आणि पुढे तोच कामी आला. अटकेबाबत डी. के. बसू निकालाने घालून दिलेले नियम मोडले म्हणून उच्च न्यायालयाने 2023 मध्ये चार पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल 14 दिवसांची कैद सुनावली. अपिलासाठी शिक्षेला स्थगिती मिळाली.

समजा बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळला कुणाला अटक झाली. 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. जानेफळ मेहकर तालुक्यात येतं. मारहाण झाली, धिंड काढली, तर ते सांगण्याची पहिली जागा हीच. सांगितलेलं रिमांडच्या कागदावर नोंदवून घ्यायला वकिलाने आग्रह धरावा, कारण पुढे राज्य मानवी हक्क आयोग, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्यावर 'तेव्हा का बोलला नाहीत?' हा प्रश्न येतोच.