पिशवी कुजते, पण कुठे?

माझ्या लहानपणी निजामपुऱ्यात खाटकाकडून मटण यायचं ते पळसाच्या पानात. उकिरड्यावर टाकलेल्या पानाचं पुढं काय झालं, हे अम्मीनं कधी विचारलं नाही. मला मात्र विचारावं लागलं. दोन वर्षांपूर्वी 'मातीत कुजणारी' म्हणून घेतलेली पिशवी मी जास्वंदीच्या कुंडीत पुरली. पावसाळा सरला, पिशवी जशीच्या तशी! दुकानदार खोटं बोलला का?

मंडळी, या गोष्टीचं मूळ पॅरिसला आहे. पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मॉरिस लेमॉईन यांना १९२६च्या सुमारास एका जिवाणूच्या पोटात एक पदार्थ सापडला. आपण अंगावर चरबी साठवतो, तसा जिवाणू तो अडीअडचणीसाठी साठवतो. तो चक्क पॉलिएस्टर निघाला. एका जिवाणूनं साठवलेलं दुसरा खाणारच. म्हणून तो मातीत सहज जिरतो. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीनं त्याचं 'बायोपॉल' केलं, १९९०मध्ये जर्मनीत त्याच्या शाम्पूच्या बाटल्याही आल्या. पण भाव परवडेना.

स्वस्त पडलं ते मका-उसाच्या साखरेपासूनचं पीएलए. ते खाणारा जिवाणू जपानी संशोधकांनी १९९७मध्ये मातीतूनच शोधला. पण मेख अशी, की पीएलएला आधी साठेक अंशांची ऊब आणि ओल लागते. तिनं त्याच्या लांब साखळ्या तुटतात, मग जिवाणूंना घास तोंडात घेता येतो. एवढी ऊब मोठ्या कंपोस्टच्या ढिगात असते, माझ्या कुंडीत कुठली? म्हणजे पिशवी अशा मालाची असेल, तर दुकानदार अर्धंच खरं बोलला.

आमच्या भिवंडीला आणखी एक गोष्ट लागू आहे. इथल्या मागांवर आता पॉलिएस्टरचं सूत धावतं. ते आणि पाण्याची बाटली, दोन्ही एकाच पीईटीची. जपानच्या साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ हे पीईटी खाणारा जिवाणू सापडला, ही बातमी २०१६ची. त्यानं तीस अंशांत पातळ पापुद्रा सहाएक आठवड्यांत फस्त केला. मी हरखलो होतो. पण तो पापुद्रा मऊ; बाटली आणि सूत यांची वीण घट्ट, तिथं त्याचे दात लागत नाहीत. कामवारी नदीत तो सोडून भागेल, असं कुणी समजू नये.

२०२४मध्ये आपल्या जेजुरीला प्राज कंपनीचा पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. माल इथेच होईल, चांगलंच आहे. पण त्याला गरम ढीग कोण देणार? ओल्या-सुक्याच्या दोन बादल्यांत ही पिशवी कुठल्या बादलीत टाकायची, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. तूर्त तिच्यात जास्वंदीचं खत भरून ठेवलं आहे.