घाम न येणारी मुलं: एका आजाराच्या शोधाची गोष्ट

एप्रिल-मे महिन्यात साजगाव, खोपोली, कर्जत या घाटाखालच्या पट्ट्यात घामाने जीव नकोसा होतो. पण घाम आलाच नाही तर? काही मुलांच्या अंगात जन्मतःच घामाच्या ग्रंथी फार थोड्या असतात किंवा नसतातच. त्यांचे केस विरळ, त्वचा कोरडी, दात मोजके आणि टोकदार असतात. उन्हात खेळलं की अंग तापतं. घरचे ताप आला समजून पांघरूण घालतात आणि मूल आणखी तापतं.

या आजाराचं नाव हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया. नाव अवघड आहे, पण त्याच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान आपल्या जुन्या मुंबई इलाख्यातलं आहे.

1847 ते 1936 या काळात सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. तिथल्या एका हिंदू कुटुंबाची माहिती वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी चार्ल्स डार्विनला कळवली. प्राणी आणि वनस्पती माणसाळल्यावर त्यांच्यात कसे बदल होतात, यावर डार्विनचा मोठा ग्रंथ आहे. त्याच्या 1875 च्या दुसऱ्या आवृत्तीत ही हकिकत आली. चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष असे होते, की त्यांना दोन्ही जबड्यांत मिळून चार बारीक पटाशीचे दात आणि आठ दाढा, एवढेच दात. अंगावर केस अगदी कमी, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात कोरड्या त्वचेचा फार त्रास.

त्याहून महत्त्वाची होती पुढची नोंद. कुटुंबातल्या एकाही मुलीला हा त्रास नव्हता, पण त्या मुलींच्या मुलांना तो होत असे. उलट, त्रास असलेल्या पुरुषाकडून त्याच्या मुलाला तो कधीच आला नाही. असं का, हे त्या काळी कोणालाच सांगता आलं नसतं. पुढे 1921 मध्ये थडानी या संशोधकानेही सिंधमधल्या अशा दात नसलेल्या माणसांवर लेख लिहिला.

उत्तर गुणसूत्रांत होतं. स्त्रीला दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाला एक एक्स आणि एक वाय. या आजाराचं जनुक एक्सवर असतं. स्त्रीचं एक जनुक बिघडलं तरी दुसरं बरंचसं काम निभावून नेतं. मुलाकडे दुसरं नसतंच. बाप मुलाला वाय देतो, म्हणून आजार बापाकडून मुलाकडे जात नाही. आई वाहक असेल, तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता 50 टक्के असते.

1961 मध्ये मेरी लायन यांनी दाखवलं, की स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो. त्यामुळे वाहक स्त्रीच्या त्वचेवर घाम येणारे आणि न येणारे पट्टे असू शकतात, एखाद-दोन दात आलेलेच नसतात. म्हणून मुलाला तपासताना डॉक्टर आईच्या दातांबद्दल विचारतात. ही चौकशी दोष देण्यासाठी नसते. गरोदरपणात आईने काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, याचा या आजाराशी काहीही संबंध नाही.

बिघडलेलं जनुक 1996 मध्ये युहा केरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलं. ते एक्टोडिस्प्लासिन नावाचं प्रथिन बनवतं. गर्भाच्या त्वचेला केसांची मुळं, दात आणि घामाच्या ग्रंथी तयार करण्याचा निरोप हे प्रथिन देतं. निरोप पोहोचलाच नाही, तर तिन्हींची घडण अपुरी राहते. 2003 मध्ये असाच दोष असलेल्या गाभण उंदरांना हे प्रथिन टोचल्यावर पिल्लांमध्ये सुधारणा दिसली. 2018 मध्ये जर्मनीतल्या होल्म श्नायडर यांच्या गटाने ते गर्भजलात टोचून तीन मुलग्यांवर जन्मापूर्वीच उपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांपैकी दोघे जुळे होते. तिघांनाही घाम येऊ लागला. हा उपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे. जन्मल्यानंतर मात्र घामाच्या नव्या ग्रंथी तयार होत नाहीत.

पण उपचार नसला तरी काळजी घेता येते, आणि ती जीव वाचवते. उन्हाळ्यात अशा मुलाला ओला सदरा घाला, पाण्याची बाटली आणि पंखा जवळ ठेवा, दुपारच्या उन्हात खेळू देऊ नका. शाळेत शिक्षकांना कल्पना द्या. दंतवैद्य लहान वयातच कवळी बसवू शकतात. त्यामुळे खाणं आणि बोलणं दोन्ही सुधारतं. ताप आला की तो उन्हाचा की संसर्गाचा, हे डॉक्टरांना ठरवू द्या. दुसऱ्या जनुकांमुळे होणारे असेच आजार मुलींनाही होतात.

दर उन्हाळ्यात ताप, विरळ केस आणि उशिरा आलेले मोजके दात, या तिन्ही गोष्टी एकाच मुलात दिसल्या तर डॉक्टरांना एकत्र सांगा. आईच्या माहेरी, मामा किंवा आजोबांना असा त्रास होता का, तेही विचारून या. सिंधच्या त्या कुटुंबाचं कोडं अशाच साध्या नोंदींवरून उलगडायला सुरुवात झाली होती.